सुपेल्याच्या खुर्चीत मावसाजी

आमच्या मावसाजींइतका शूर माणूस भिलाईत दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका भित्राही नव्हता. पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांतली गोष्ट. तिरोड्याकडची शेती भावाच्या हवाली करून मावसाजी इथे हंगामी खलाशी म्हणून लागले होते, आणि त्यांच्यामागून मीही. काम म्हणजे उंचावर लोखंड चढवायचं. आठ-दहा पुरुष उंचीच्या तुळईवरून ते शेताच्या धुऱ्या-बांधावरून निघाल्यासारखे चालायचे, मधोमध थांबून बिडी पेटवायचे, आणि खाली उभा असलेला मी दुसरीकडे पाहायचो. याच माणसाला साहेबासमोरची खुर्ची दिसली की परत फिरावंसं वाटायचं. कायम नोकरीसाठी पहिला इंटरव्यू झाला तेव्हा साहेबांनी त्यांना बसवून नाव विचारलं. मावसाजींनी टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि नमस्कार करून बाहेर आले.

"नाव ठाऊक होतं गा मले," टिनाच्या खोलीत परतल्यावर ते म्हणाले, "पण खुर्ची हालून राहिली होती का मी, तेच समजून नाही राहिलं."

हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण मला हसू आलं नाही. कायम झाल्याशिवाय क्वार्टर नाही आणि क्वार्टरशिवाय मावशी येणार नाही, हे मला माहीत होतं. ती गावी दिराच्या घरी दिवस काढत होती. कुणाकडून तरी लिहवून घेतलेली तिची पत्रं मीच मावसाजींना वाचून दाखवायचो, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ असायची, 'कधी नेता?' त्या ओळीवर मावसाजी उठून बाहेर जायचे.

पुढची संधी सहा महिन्यांनी होती. भेव खुर्चीचं आहे तर खुर्चीतच बसून मोडायचं, असं त्यांनी ठरवलं. पण आमच्या वस्तीत साहेबांकडच्यासारखी हातांची खुर्ची होती कुठे? आसपास एकच होती, सुपेल्याच्या बाजारातल्या म्हाताऱ्या न्हाव्याची, आणि तो रिकामं कुणाला बसू देत नसे. मग मावसाजी कामावरून सुटले की रोज दाढीला बसू लागले. गाल घोटून घोटून गुळगुळीत झाले, डोक्यावर केस उरेनात, शेवटी मिशीवर पाळी आली. मावसाजींनी सांगून ठेवल्याप्रमाणे न्हावी वस्तरा गळ्याशी धरून साहेबाच्या आवाजात नाव, गाव, काम विचारायचा आणि मावसाजी थरथरले की आपल्या छत्तीसगढीत म्हणायचा, "झन डर गा." म्हणजे भिऊ नकोस रे. गळ्याशी वस्तरा असताना थरथरून चालत नाही, हे हळूहळू मावसाजींच्या अंगात मुरलं.

इंटरव्यूच्या दिवशी माझा नंबर त्यांच्या मागेच होता आणि दार अर्धं उघडं होतं. साहेब म्हणाले, "बैठो." मावसाजी बसले, खुर्चीच्या हातांवर कोपर टेकले, मान मागे टाकली, हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले. तिन्ही साहेब एकमेकांकडे पाहू लागले. संपलं, आता मावशी काही येत नाही! एका साहेबानं जरा जपूनच नाव विचारलं. मावसाजींनी ते सांगितलं, वर बापाचं नाव आणि तालुक्यासकट गाव सांगितलं. साखळी कशी बांधायची, वारा सुटला तर काय करायचं, सगळं मिटल्या डोळ्यांनी, संथपणे.

"ऊपर डर नहीं लगता?"

"ऊपर नहीं लगता साहेब. यहाँ लगता है."

साहेब हसले, पण चांगलं हसले. "ठीक है, जाओ," ऐकल्यावर मावसाजींनी डोळे उघडले, गालावरून हात फिरवला आणि सवयीनं समोर आरसा शोधला.

ते कायम झाले. हसू दाबण्याच्या नादात मी घाबरायचं विसरलो, म्हणून मीही झालो. क्वार्टर मिळालं तेव्हा मावसाजींनी भांड्याकुंड्यांच्या आधी हातांची खुर्ची आणली. मावशी आली ती पदर सावरत दारातच उभी राहिली. नवऱ्यादेखत खुर्चीत बसणं तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

"बस न वं," मावसाजी म्हणाले. ती कशीबशी कडेवर टेकली. "अशी नाही. मान मांगं टाक, डोये मिट. झन डर वं."

मावशीनं डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच रडू लागली.

आता दोघंही नाहीत. खुर्ची माझ्याकडे आहे. मी तीत बसतो, मानही मागे टाकतो, पण डोळे मिटायला धजत नाही. मिटले की कुणीतरी 'झन डर' म्हणेल म्हणून मी वाट पाहत राहतो.