पितरांच्या डोक्यावर मोजे

चहाच्या मळ्याखालच्या सिम्लेबोटे गावात साइली आमाला कशाकशाची किळस येते ते सांगायला बसलं तर अख्खा चैत्र सरेल. कशाची येत नाही, ते सोपं आहे. किनेमाची. आंबवून तार सुटलेलं ते सोयाबीन पानांखाली झाकून ठेवलेलं असलं, की परका माणूस अंगणाच्या कडेलाच नाक धरतो. आमा मात्र बोट बुडवून चाटते आणि म्हणते, "अजून एक दिवस मुरू दे." बाकी सगळ्या दुनियेला तिचा एकच शब्द: "छ्या!"

या वसंतात त्या शब्दाला उसंत म्हणून मिळाली नाही. तिच्या कान्छाने, म्हणजे दिलहांग नावाच्या शेंडेफळाने, पैसे घेऊन घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. चहाला पहिली कोवळी पालवी फुटली, की खालच्या शहरांतून माणसं ती बघायला येतात. येतात तर येवोत, मळा काही पळून जात नाही. पण एका गृहस्थाने साइली आमाच्या पाठीवरच्या टोपलीतून पान उचललं, चावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा टोपलीतच थुंकलं. वर म्हणाला, "कडू आहे हो!"

"मग काय गुलाबजाम खुडते मी?" म्हणत आमाने सकाळपासूनची सगळी पानं उतारावर उपडी केली. त्या दिवशी तिने तीनदा हात धुतले, आणि गृहस्थाने धुतलेच नाहीत हेही पाहून ठेवलं.

हे सगळं तिने गिळलं असतं. पण मग गारा पडल्या.

आम्हा राई लोकांच्या घरात आतल्या कोपऱ्यात जमिनीत रोवलेले तीन दगड असतात. तीच चूल आणि तेच देवघर. पितर तिथे राहतात. परक्याने त्या दगडांना हात लावायचा नाही, वरून पाय टाकायचा नाही, हे आमच्याकडच्या कुत्र्यालाही कळतं. गारांत भिजून आलेला तो पान-थुंक्या गृहस्थ सरळ आत शिरला आणि त्याने आपले ओले मोजे दोन दगडांवर वाळत घातले. तिसऱ्यावर टाच टेकून शेकत बसला.

आमा शेण काढून आली. आधी नाकाला कळलं, मग डोळ्यांना. मोज्यांतून वाफ निघत होती.

तिने चिमटा घेतला. चिमट्याने एकेक मोजा उचलला, हात लांब धरून दारापर्यंत नेला आणि दरीत भिरकावला. एक गेला खाली, दुसरा चहाच्या झुडपावर अडकला.

"कान्छा! हे घोडे तरी राहतील, नाही तर मी तरी!"

"आमा, त्यांना चूलच बघायची असते. धूर, भाजलेला मका, आजी..."

"आजी? मी कुणाची रे आजी? चुलीचाच सोस असेल तर गोठ्याजवळच्या खोपीत मांड तीन धोंडे. शेकू देत तिथे पाय, नाही तर अजून काय शेकायचं ते!"

दिलहांगने आईचा शब्द लगेच झेलला. खोपीत तीन दगड रोवले. पण हा पोरगा एवढ्यावर थांबला तर कान्छा कसला! पाहुणे म्हणाले, पूजा कशी करता ती दाखवा. याने आलं कापलं, भोपळ्याच्या तुंब्यातून कोदोची जांड, म्हणजे नाचणीची घरगुती दारू, ओतली आणि वारलेल्या बापाकडून ऐकलेलं सगळं घडाघडा म्हणत कुळाच्या नावाने पितरांना हाका घातल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वर याने त्याच चुलीवर भातही शिजवला आणि सगळ्यांना वाढला.

वैशाखात उभौलीच्या, म्हणजे पितर वर चढतात तेव्हाच्या, पूजेचं ठरवायला नाकछोंग आला. नाकछोंग म्हणजे पितरांशी बोलणारा आमचा पुजारी. जांड पिता पिता त्याने खोपीकडे बोट केलं.

"ते काय?"

"देखाव्याचं आहे, बाजे," दिलहांग म्हाताऱ्याला म्हणाला.

"आलं कापलंस?"

"हो, म्हणजे..."

"कुळाचं नाव घेतलंस? भात शिजवलास?"

"पाहुण्यांना बघायचं होतं."

म्हाताऱ्याने वाटी खाली ठेवली. "अरे गाढवा, पितरांना देखावा कळतो होय? हाक आली, आले. वेगळी चूल मांडलीस तू. आईपासून वेगळा निघालास."

"आत्ता उपटून टाकतो की!"

"उपट. आणि पुढे घरात काही झालं तर माझ्या दारात येऊ नकोस. हिवाळ्याच्या तोंडावर, उधौलीला, पितर खाली उतरतील तेव्हा बघू. तोवर ती चूल विझवायची नाही, आणि तिच्यावर तूच रांधायचंस."

साइली आमाचं तोंड किनेमाच्या मडक्यासारखं मिटलं. शेंडेफळ आईच्या म्हातारपणी तिच्याच चुलीशी राहायचं, तेच वेगळं निघालं, आणि ते धोंडे मांडायला सांगितलं कुणी? तिनेच. मग तिला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती ताडकन उठली.

"म्हणजे तुझा बापही तिथे बसलाय? जन्मात कुणाच्या उष्ट्या वाटीला शिवला नाही तो. आणि आता त्या पायांच्या घाणीत!"

खोपीत ती शिरली तेव्हा चुलीत संत्र्याची सालं होती, कोंबडीची हाडं होती, राखेत विडीची थोटकं खोचलेली होती. एक पाहुणी बाई दगडाशी पाय ठेवून नखं कापत होती. नख टचकन उडून निखाऱ्यात पडलं आणि त्याचा वास सुटला.

"छ्या! छ्या! छ्या!"

पुढचं सगळ्या गावाने ऐकलं. पाहुणे पिशव्यांसकट अंगणात आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बोलावून, कुरकुरत गेले. त्या घराचं नाव त्यांनी कुठे कुठे काय काय सांगितलं असेल, देव जाणे. दिलहांगचा हंगाम बुडाला. आमाने मात्र ती खोपी लाल मातीने दोनदा सारवली.

संध्याकाळी एकाच अंगणातून दोन धूर निघाले. गावातले सगळे कुंपणाशी उगाचच काहीतरी शोधत होते. घरात आमाने आपला भात वाढून घेतला. एक घास तोंडात घातला, तो तोंडातच फिरत राहिला. शेवटी ताट तसंच झाकून ठेवलं, दुसरं घासून घेतलं आणि खोपीच्या दारात जाऊन उभी राहिली. ताट आपलंच, लोकांच्या ताटाची तिला किळस.

दिलहांग धुरात डोळे पुसत होता.

"चूल तुझी ना? मग मी पाहुणी. वाढ."

त्याने वाढलं. डाळ खाली लागली होती.

"छ्या! हे काय, डांबर शिजवलंयस? आणि पाय धुतलेस का? बापासमोर बसलायस."

तो उठला, पाय धुऊन आला. आमाने नाकाला शाल लावत लावत सगळी डाळ संपवली आणि ताट पुन्हा पुढे केलं.

"भात वाढ. हात लांब धर, शेंबड्या."