मधली पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कट्ट्यावरच्या दोस्तांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय — ते मलाही नीट माहीत नाही.

औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी आमचा वाचनकट्टा भरतो. तिथं माझी ख्याती भयकथांचा जाणकार अशी. त्यातही जुन्या काळातल्या — किल्ले, तलवारी, कबरीतून उठणारे सरदार, रक्ताचा नैवेद्य मागणारे मांत्रिक. "काका, लई डेंजर काहीतरी सांगा," असं कुणी म्हणालं की मी चष्मा काढतो, खिडकीबाहेर बघतो आणि एक नाव सांगतो. चष्मा काढला की माणूस विद्वान दिसतो.

आता खरं ऐका. मी भित्रा आहे. म्हणजे किती? दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारात, भर दुपारी, मी एका अनोळखी गृहस्थाचा शर्ट मागून घट्ट धरला होता. उजेडात आल्यावर त्याची बायको माझ्याकडं नुसती बघत राहिली. असला माणूस पिशाच्चांची जाडजूड पुस्तकं वाचेल? मी वाचायचो पहिलं प्रकरण, पाठीवरचा मजकूर आणि शेवटचं पान. तेवढ्यावर अर्धा तास सहज बोलता येतं. मधलं कुणी विचारलंच, तर — "तुमची मजा घालवू का?" लोक हसायचे.

इथवर गंमत होती. इथंच थांबावं असं फार वाटतंय.

माझा मित्र दिगंबर. त्याची मुलगी तापानं गेली. दुसरीत होती. वहिनी घराबाहेर पडेनात. पुढं बऱ्याच दिवसांनी त्यानं त्यांना कट्ट्यावर आणलं. संसाराच्या गोष्टी त्यांना वाचवत नव्हत्या — कुठल्याही पानावर शाळेचा डबा निघायचा. मांत्रिक आणि तलवारी मात्र चालायच्या. "त्यात आपलं काहीच नसतं ना," असं म्हणायच्या. माझ्याकडून एकेक पुस्तक नेऊ लागल्या. "काल जेवताना स्वतःहून बोलली रे," दिगंबरनं मला सांगितलं होतं.

एकदा नवं पुस्तक हातात घेऊन त्यांनी विचारलं. हळूच, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं.

"भाऊजी, ह्यात लेकरू मरत नाही ना?"

पहिल्या प्रकरणात एक सरदार लेकीला घेऊन वेढ्यातून निसटतो. शेवटच्या पानावर ती त्याचं बोट धरून तटावरून चालत असते. हे मी वाचलं होतं. एवढंच वाचलं होतं.

"नाय ओ वहिनी. शेवटपर्यंत बापाचं बोट धरून असते. बिनधास्त न्या."

मुलगी मध्येच मरते. तापानं. बाप मांत्रिकाचे पाय धरतो आणि मग जे उठून येतं, ते त्याचं बोट धरून चालतं. तिच्यासारखं दिसतं, पण ती नसते. बापाला कळतं — बोट मात्र सोडवत नाही. मला हे कसं ठाऊक? नंतर वाचलं. अख्खी वाचलेली माझी ती एकमेव भयकथा.

त्याच आठवड्यात वहिनी घरी आल्या. पुस्तक परत केलं. ओरडल्या असत्या, तर — पण नाही. उलट मलाच सांभाळून घेत होत्या. "इतकी वाचता तुम्ही, विसरला असाल."

दारात आम्ही दोघंच होतो. सांगता आलं असतं. वहिनी, मी वाचलंच नव्हतं — एवढंच तर म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "हो वहिनी. विसरलोच बघा."

कट्ट्यावर माझं नाव राहावं म्हणून. दुसरं काही नाही. त्यांच्या मेलेल्या लेकीसमोर मला माझं नाव सुचलं — ह्याला काय म्हणायचं?

त्या पुन्हा कट्ट्यावर आल्या नाहीत. आता पेपरसुद्धा उघडत नाहीत म्हणे. दिगंबर मलाच विचारतो, असं काय झालं रे एकदम? म्हणजे त्यांनी त्यालाही सांगितलं नाही. मी मान हलवतो.

परवा गुलमंडीत कापडाच्या दुकानासमोर दिसल्या. फार वाळल्यात. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "सध्या काय वाचताय, भाऊजी?"

मी एक नाव सांगितलं. न वाचलेलं.

"चांगलं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हणालो.