बांधावरचा चढ आणि पेज

लघवीत साखर निघाली तेव्हा मी चाळिशीच्या आतच होते. आमचं गाव मोहाडीकडचं आणि डॉक्टर भंडाऱ्याला. त्यांच्याकडे काचेच्या नळीत निळं औषध असायचं. त्यात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर बरं, हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं म्हणजे जास्त, आणि विटेसारखं लाल झालं की मग बोलायलाच नको. माझं लाल झालं.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो. भात कमी करा आणि रोज सकाळी तासभर चाला. भाताचा रोवणा आटोपला की परत या. तेव्हाही लाल निघालं तर मात्र रोजचं इंजेक्शन."

रोजचं इंजेक्शन म्हणजे काय, ते आताच्या लोकांना सांगून समजायचं नाही. ते थंड ठेवावं लागे, सुई उकळावी लागे, टोचणारं माणूस लागे. आमच्या गावात यातलं एकही नव्हतं. माझा भाऊ साकोलीला, त्याच्या घराजवळ दवाखाना. परतताना बसमध्ये आमचे हे एवढंच म्हणाले, "मंग साकोलीलेच राहा लागंल तुले." घरी दोन पोरी. धाकटी अजून माझा पदर मुठीत धरून झोपायची. ताप असता तर चार दिवसांनी उतरला असता. ही साखर कधी उतरणार, आणि मी भावाच्या घरी किती वर्षं बसणार?

म्हणून मी चालायला निघाले. आता आमच्याकडे बाई घराबाहेर पडली की तिच्या हातात काहीतरी असतंच. पाण्याचा गुंड, विळा, टोपली, नाहीतर कडेवर लेकरू. मोकळ्या हातानं भरभर चाललेली बाई म्हणजे कुठेतरी कोणी मेलं, नाहीतर ती भांडून माहेरी निघाली. तलावाजवळ जाळं वाळत घालणारी एक म्हातारी होती, तिनं हटकलंच.

"काहून वो, कोणाचं काई झालं का?"

"नाई वो माय, चालून राहिली."

"थे दिसून राहिलं मले. पण कुठी?"

"कुठीच नाई. डॉक्टरनं सांगतलं."

"कुठीच नाई जाची, अन् मंग एवढी घाई कायची वो तुले?"

दोन-चार दिवसांत गावभर झालं. एका सकाळी माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, सायकल दामटत मागून आले. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नसतं, तिनंही त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नसतं. ते उतरले आणि रस्त्याकडेच्या बाभळीकडे पाहून म्हणाले, "घरी चला म्हणा. भांडण घरातच मिटते." मी पदर पुढे ओढला आणि मुकाट्यानं वळले. भांडण झालंच नाही, हे सांगायचं कसं? घरापर्यंत ते सायकल हातात धरून मागे मागे आले. चालण्याचा तास तिथेच संपला.

जाऊबाईंना हे कळलं तेव्हा त्या हसून हसून खाली बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अवो, तासभर गाव कायले हिंडतं? गुंड घे अन् तलावाचा बांध चढ. सपाट रस्त्यानं नोको येऊ, सरळ चढ. जोरानं. दम लागला का झाला तुहा तास!"

विहीर बांधाच्या पलीकडे, खाली होती. मला ते पटलं. भरलेला गुंड डोक्यावर घेऊन मी झपाझप बांध चढायची. वर पोचेपर्यंत छाती भात्यासारखी हलायची, कानात घुमायचं, पाठ घामानं भिजायची. जरा उभी राहायची, घराकडे उतरून पाणी ओतायची, विहिरीवर जाऊन रिकामा गुंड भरायची आणि पुन्हा चढायची. थोड्या वेळात काम आटपे. तासभर चालून जो घाम आला नसता तो इथे चहा उकळायच्या वेळात यायचा. मला वाटे, म्हणजे झालंच की डॉक्टरांचं काम. आणि कोणी विचारत नव्हतं, कारण हातात गुंड होता.

पण हातात गुंड आहे म्हटल्यावर ते कामच झालं ना. तू चढतेच आहेस तर बैलांचं पाणीही आण. तू चढतेच आहेस तर जाऊबाईंचाही एक गुंड. त्यावर रोवणा लागला. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावायचे, आणि त्याआधी सकाळी बांध. झोपेतही मी चढतच असायची.

सासूबाई तशा बोलायला कडक. पण मी धापा टाकत आले की त्या पेजेचा गडवा पुढे करायच्या. भाताची पातळ पेज, मीठ टाकलेली, कोमट. आमच्याकडे दमून आलेल्या माणसाला पेज देतातच. मोकळ्या हातानं चालून आले असते तर कोणी पाण्याचंही विचारलं नसतं. मी भात अर्ध्यावर आणला होता, पण पेजेला भात कोण म्हणतो? ती तर पाणीच.

रोवणा आटोपल्यावर भंडाऱ्याला गेलो. नळी उकळली आणि लाल झाली. हे भिंतीकडे पाहत उभे होते. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, बांधाचं, गुंडाचं, भाताचं.

"चढणं चांगलंच आहे," ते म्हणाले. "मग साखर कुठून येतेय? चढून आल्यावर काय घेता?"

"काहीच नाही. पेज पिते."

"किती?"

"गडवाभर. एखाद्या दिवशी दोन."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, ती तांदळाचीच ना? महिनाभर पेज बंद करा. मग शेवटचं पाहू."

घरी येऊन हे सांगणं मला त्या चढापेक्षा जड गेलं. सासूबाई चुलीपुढे होत्या. त्या मागे न वळताच म्हणाल्या, "म्हंजे मीच तुले जहर पाजून राहिली होती काय?" मी म्हटलं, नाही माय, मलाच कळलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी चढून यायची, ओट्यावर टेकायची. समोर गडवा नसायचा.

महिन्यानं नळीत हिरवं आलं. निळं नाही, पण हिरवं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन नको सध्या. थोडा वेळ जोरात चढणं तासभर चालण्याची जागा घेतं का, मी विचारलं. ते म्हणाले, साखरेपुरतं घेत असेल. मला वाटतं त्यांचं खरं होतं. पण चालण्याच्या त्या तीन-चार सकाळी माझ्या डोक्यावर काही नव्हतं, आणि तेवढं मला बांधानं कधी दिलं नाही.

घरी पोचलो तर धाकटी दारातच होती. "माय, तू मामाकडं नाई जात ना?"

"नाई."

"कधीच?"

"आता तं नाई."

ती तेवढ्यावर खेळायला पळाली. मी ओट्यावर बसले. घरात पाणी नव्हतं, उठायला हवं होतं, आणि पाय उठत नव्हते. सासूबाईंनी आतून विचारलं, "काय रंग निघाला?"

"हिरवा, माय."

त्या बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातला गुंड उचलला आणि स्वतः विहिरीकडे निघाल्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस. आज नोको चढू."