ऋषिपंचमीला गॅस माझ्या ताब्यात

मुलाने मला गॅसला हात लावायची बंदी केली, त्या गोष्टीला गेल्या गणपतीत दीड वर्ष झालं होतं. बंदी त्याने उगाच केली नव्हती. मी दूध तापत ठेवून खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले आणि विसरले. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं जळलं आणि शेजारी टांगलेलं फडकं पेटलं. समोरच्यांकडे आमची किल्ली होती म्हणून निभावलं. ओट्यामागची भिंत काळी झाली, माणूस कोणी भाजलं नाही. चूक माझी होती. तेव्हाही कबूल केली, आजही करते.

पण दीड वर्ष म्हणजे फार झालं. सकाळी स्वयंपाकाच्या मावशी यायच्या, पोळीभाजी करून जायच्या. सून ऑफिसला जाताना थर्मासमध्ये चहा भरून ठेवायची आणि तो कढलेला चहा मी दुपारपर्यंत पीत बसायचे. आठ माणसांचं दोन्ही वेळचं रांधलेली बाई मी, आणि मला घोटभर पाणी गरम करून हवं असेल तर कोणीतरी घरी यायची वाट बघायची. मला माझा गॅस परत हवा होता. एवढंच हवं होतं. पण विषय काढला की मुलगा काळ्या भिंतीकडे बघायचा. भिंत तोवर दोनदा रंगवून झाली होती, तरी बघायचा.

माझी नात कॉलेजात शिकते. गणपतीच्या आठवडाभर आधी तिने जेवताना जाहीर केलं की एक दिवस आपण सगळ्यांनी साधेपणाने जगून बघायचं.

"साधेपणाने म्हणजे?" सुनेने विचारलं.

"फोन नाही, टीव्ही नाही, फ्रिज नाही, मिक्सर नाही, वॉशिंग मशीन नाही. लिफ्टसुद्धा नाही. बाहेरून काही मागवायचं नाही."

"श्वास घेतला तर चालेल का?" मुलगा म्हणाला.

"रविवारी करा," सून म्हणाली. "सोमवारपासून मला मीटिंगा आहेत. आणि चादरी कोण धुणार ते आत्ताच ठरवून घ्या."

मला गंमत वाटली. मी नातीला म्हटलं, "यात नवीन काय आहे? आमच्याकडे ऋषिपंचमीला हेच असायचं."

माझं माहेर खेड्यातलं. ते खेडं आता पुण्यातच आलंय, आमच्या शेतावर बारा मजली इमारती उभ्या आहेत. तेव्हा आमच्याकडे चार बैल होते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा नियम. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाकरी नाही, डाळ नाही. आई घरामागे खुरप्याने वाफे करायची, त्यातल्या भाज्या चालायच्या. सगळ्या एकत्र शिजवायच्या. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, मक्याचं कणीस, सुरण, जे असेल ते. तेल नाही, फोडणी नाही. तीच ऋषीची भाजी. सोबत वरीचा भात. त्या दिवशी बैल गोठ्यात उभे राहून आमच्यापेक्षा चांगलं खायचे. विटाळाचं पाप धुवायला बायकांनी हे व्रत करायचं, असं पोथीत सांगतात. ते मला कधी पटलं नाही. पाप कसलं त्यात? पण बैलाला सुट्टी ही गोष्ट मला लहानपणापासून पटलेली.

मुलगा म्हणाला, "आता बैल कुठे राहिलेत? सगळीकडे ट्रॅक्टर. म्हणजे हल्ली ऋषिपंचमीला काहीही खायला हरकत नाही."

"बैल गेले, वीज आली," मी म्हटलं. "आता कष्ट तिचे. एक दिवस तिला सुट्टी द्या."

नात खुर्चीतून उठलीच. "आजी, सॉलिड! ऋषिपंचमी कधी आहे?"

सुनेने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. गणपती शनिवारी येत होते, पंचमी रविवारी. "त्या दिवशी मावशींची सुट्टी आहे," ती म्हणाली. "त्यांचा स्वतःचा उपास असतो. मग स्वयंपाक कोण करणार?"

ती हे विचारणार, याची मी वाटच बघत होते. "मी," मी म्हटलं. "आणि गॅस मी पेटवणार."

मुलाने घास खाली ठेवला. "आई, तो विषय झालाय."

"झाला नाही. तू संपवलास."

त्याने एकदा त्या भिंतीकडे बघितलं. मग तो म्हणाला, "ठीक आहे. एक दिवस. पण काही करपलं, काही उतू गेलं, तर परत हा विषय काढायचा नाही. कधीच नाही."

"आणि नाही करपलं तर?"

"तर बघू."

"बघू नाही. गॅस माझा."

"बरं, तुझा."

"आता माझी अट," मी म्हटलं. "मी ओट्यापाशी असताना कोणी लुडबुड करायची नाही. हे घाल, ते काढ, झालं का, बघू का. एक शब्द नको."

सगळ्यांनी मान्य केलं. सुनेने जरा उशिरा मान हलवली, पण हलवली.

त्यानंतरचे आठ दिवस मला झोप धड लागली नाही. काळजीने नव्हे, उत्साहाने. म्हातारपणी वाट बघण्यासारखं फारसं काही उरत नाही, तपासण्यांच्या रिपोर्टांची तेवढी बघतो. मला मात्र त्या आठवड्यात परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, पण परीक्षा मला आवडायच्या.

रविवारी उजाडताच उठले. नातीने आदल्या दिवशीच फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला होता, 'आज सुट्टी'. गणपतीच्या मागची लुकलुकणारी माळ तिने काढून टाकली होती, समई लावली होती. मूर्ती त्या उजेडात जास्त बरी दिसत होती. मी पूजेच्या सामानातली काडेपेटी घेतली, गॅसचा कॉक उघडला आणि बर्नर पेटवला. भुर्र झालं आणि निळी ज्योत आली. मी चहा केला. आलं ठेचून, माझ्या हाताचा, मला हवा तितका गोड. उभ्याउभ्याच प्यायले. मग गॅस बंद केला, कॉक बंद केला आणि मोठ्याने म्हटलं, "बंद केला." स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तरी म्हटलं.

भाजी आणायला चार मजले जिन्याने उतरले. नातीने हात धरला होता. कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते, सिंहगडाच्या बाजूच्या गावातून येते. त्या दिवशी तिने ऋषीच्या भाजीचे वाटे करून ठेवले होते.

"बैलाचं नाही ना?" मी विचारलं.

"आज्जी, बैल कुणाकडं हाय आता? घरामागचं हाय समदं. खुरप्याचं."

"अळू खाजरं आहे का?"

"आळू हाय ते, खाजंलच की. चिंच घाला चांगली."

"मला शिकवतेस? तुझ्या आईचं लग्न व्हायच्या आधीपासून करते मी ही भाजी."

"मग इचारलं कशाला?" ती म्हणाली.

बाई मला आवडली. मी दोन वाटे घेतले.

चढताना दुसऱ्या मजल्यावर नातीलाच धाप लागली. वर आल्यावर तिने भाज्या निवडून दिल्या आणि अट आठवून बाहेर गेली. मी स्टूल घेऊन गॅससमोर बसले. आधी सुरण आणि कणसाचे तुकडे टाकले, मग अळू, मग बाकीच्या भाज्या. आच मंद ठेवली. पातेल्याच्या तळाशी डाव फिरवत राहिले. दुसऱ्या बर्नरवर वरी. दीड तास तिथून हलले नाही. लघवीला लागली तरी हलले नाही. माझे डोळे ज्योतीवर आणि कान पातेल्याच्या आवाजावर. मुलगा दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला येत होता. इतकं पाणी तो उन्हाळ्यातही पीत नाही. यायचा, नाक वर करून वास घ्यायचा, एक शब्द न बोलता जायचा. सूनही दोनदा आली. दुसऱ्यांदा पातेल्यात डोकावली, तोंड उघडलं, मिटलं आणि गेली. मला वाटलं, आता कळतंय हिला.

भाजी झाली. तळ बघितला, स्वच्छ. वरी मोकळी झाली होती. दोन्ही बर्नर बंद, कॉक बंद. पुन्हा मोठ्याने म्हटलं, "बंद केला." या वेळी बाहेरून नात ओरडली, "ऐकलं!" गणपतीला नैवेद्य दाखवला आणि सगळे पानावर बसलो. पंखा बंद, त्यामुळे खिडक्या सताड उघड्या होत्या. खालच्या मंडळाचा ढोल पार ताटात येत होता.

मुलाने पहिला घास घेतला. "मानलं, आई," तो म्हणाला. "करपलं नाही, उतू गेलं नाही. चवही बरी आहे."

"बरी?" मी म्हटलं. मी अशी खूश होते की त्याला दोनदा वाढलं.

चौथ्या-पाचव्या घासाला नात खाकरली. मग मुलगा खाकरला. तो पाणी प्यायला, परत खाकरला, त्याने गळ्याला हात लावला. "आई, घशात काहीतरी टोचतंय." तेवढ्यात माझ्याही जिभेला मुंग्या आल्या आणि मला कळलं.

"चिंच," मी म्हटलं. "चिंच घातलीच नाही."

चिंच नसली की अळू आणि सुरण घशात असे काही खवखवतात की बोलता येत नाही. मुलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नात जीभ बाहेर काढून बसली होती. मी सुनेकडे बघितलं. तिच्या ताटात वरी होती, दही होतं. भाजी नव्हती.

"तू भाजी घेतली नाहीस," मी म्हटलं.

"नाही."

"का?"

"चिंच पडली नाही ते मला दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, एक शब्द नको."

"अगं, मला तरी सांगायचं!" मुलगा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"करपायची-उतू जायची अट तुझी होती. म्हटलं, चव पण तूच घे."

नातीने फ्रिजवरचा कागद टरकन फाडला आणि चिंचेचा डबा काढला. पावसाळ्यात चिंच खराब होते म्हणून सून ती फ्रिजमध्ये ठेवते. आम्ही तिघं चिंच आणि गूळ चोखत बसलो, आणि सून एकटी शांतपणे वरी-दही जेवत होती. मला हसू आवरेना. घसा खवखवत असताना हसणं फार वाईट. नातही हसत होती, मुलगा नाही.

घसा जरा बरा झाल्यावर तो म्हणाला, "आई, करपलं नाही हे खरं. पण विसरलीस ना?"

मुद्दा तोच होता. इतक्या दिवसांचा तोच मुद्दा होता.

नात मध्ये पडली. "बाबा, फ्रिज मी बंद केला होता. चिंच आत होती. चूक माझी आहे."

तिने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. त्यातून निघून जाणं सोपं होतं. गॅस गेला असं मनात येत होतं. तरी मी म्हटलं, "नाही. फ्रिज उघडा असता तरी विसरले असते. मी सगळा वेळ आचेकडे बघत होते. भाजीवालीने सांगितलं होतं, तरी विसरले."

तेव्हा सून म्हणाली, "गॅस बंद केला होता का?"

"केला होता. कॉकसुद्धा."

"केला होता. मी नंतर येऊन बघितलं." ती मुलाकडे वळली. "चिंच विसरली म्हणून घर पेटत नाही. बुधवारी मी घरून काम करते. बुधवारी मावशींना सुट्टी देऊ. स्वयंपाक आई करतील. पण आई, बाकीचे सहा दिवस नाही. आणि मी मध्ये बोलणार. चिंच घातली का, मीठ घातलं का, सगळं विचारणार. एक शब्द नको, हे मला चालायचं नाही."

मला सातही दिवस हवे होते, आणि माझी अटही मोडायची नव्हती. मी थोडा विचार केला. थोडाच केला, कारण ती चूक बोलत नव्हती.

"आणि सकाळचा चहा?" मी विचारलं.

"रोज तुम्ही करा. मी उठल्यावर, मी शेजारी असताना."

"साखर मोजायची नाही."

"साखर मोजणार."

"मला कोणी विचारणार आहे का?" मुलगा म्हणाला.

"तू चिंच चोख," सून म्हणाली.

उरलेला दिवस छान गेला. नातीने आणि मी बादलीत चादरी धुतल्या, पिळताना निम्मं पाणी तिच्या अंगावर गेलं. मुलगा पत्ते काढून बसला आणि चारही डाव हरला. समईच्या उजेडात आरती केली. नात म्हणाली, दर महिन्याला असा दिवस पाळू. अजून तरी पाळलेला नाही, तिच्या परीक्षा आल्या.

बुधवार मात्र माझा झाला. पहिल्या बुधवारी मी पिठलं-भाकरी केली. मला कोण आनंद झाला होता, सकाळी सातपासून पीठ काढून बसले होते. सून लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. मीटिंगमध्ये बोलता बोलता माइकवर हात ठेवून तिने दोनदा विचारलं, मीठ घातलं का. दोन्ही वेळा मी म्हटलं, घातलं, तू तुझं काम कर. मग सवयीने चव घेतली. घातलं नव्हतं.

"नाही घातलं," मी ओरडले.

तिच्या मीटिंगमधल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं म्हणे.