स्टेशनमास्तरांची बोटं

धुकं असं दाट पडलं होतं की समोरच्या न्हाव्याच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसेना. असल्या दमट हवेत सरस लवकर धरत नाही. जिन्याखालच्या खोपटात बसून म्हातारा शाळेच्या बँडचं क्लॅरिनेट दुरुस्त करत होता. त्याच्या चाव्यांच्या आत बटणाएवढ्या मऊ गाद्या असतात. एक जरी तिरकी बसली तरी वारा गळतो आणि सूर रडका निघतो. म्हणून गादी अंगठ्यानं दाबून धरायची आणि सरस धरेपर्यंत गप्प बसायचं.

गप्प बसला की त्याचे कान मोरीकडे लागत. भांडी घासताना बायको गुणगुणायची. रोज एकच धून, आणि शेवटच्या वळणावर रोज एकच चूक.

पूर्वी तो ओरडायचा, "अगं, तिथं खाली उतरायचंय! वर कुठं चढतेस?"

"चढू द्या की. तुमच्या नशिबी नाही, निदान धुनीच्या तरी असू दे," ती आतून म्हणायची.

हल्ली तो ओरडत नसे. चुकत का होईना, त्या धुनीला जगात तेवढं एकच घर उरलं होतं.

लग्नानंतरच्या वर्षांत टीव्हीवर दर आठवड्याला एक मालिका लागायची. आडगावच्या स्टेशनमास्तराची. शेवटची गाडी निघून गेली की मास्तर बाकावर बसून क्लॅरिनेटवर हीच धून वाजवायचा आणि भाग संपायचा. तो नट क्लॅरिनेट धरायचा ते लाटणं धरल्यासारखं. त्यामुळे सूर आपल्या म्हाताऱ्याचे आणि जवळून दाखवलेले हातही त्याचेच, मास्तराचा कोट चढवून. डावी करंगळी जन्मापासून वाकडी, तेवढीच त्याची सही. गल्लीनं तेव्हापासून त्याचं नावच 'मास्तर' पाडलं. पुढं दात पडले, कवळी आली, आणि कवळीवर ही नळी धड वाजत नाही. मग दुसऱ्यांची वाद्यं दुरुस्त करणं आलं. स्वतःच्या वाजवण्याचा एक तुकडाही त्याच्या घरात नव्हता.

म्हणून व्याही एका रविवारी चकचकीत खोका घेऊन आले, तेव्हा मास्तरानं चक्क दाढी केली. खोक्यात ती अख्खी मालिका होती, डिस्कवर उतरवलेली.

"आता बघूच या," व्याही पाय पसरून बसत म्हणाले. "पोरीचं लग्न ठरलं तेव्हापासून ऐकतोय, आमचे व्याही टीव्हीत वाजवायचे म्हणून!"

नात पडद्याला नाक लावून बसली. भाग सरला, गाडी गेली, पडद्यावरचा मास्तर बाकावर टेकला. हात दिसले. वाकडी करंगळी दिसली.

"आजोबा, तुम्ही!" नात ओरडली.

आणि सूर आले ते कुणा भलत्याचेच. कॉम्प्युटरमधून काढलेलं, बासरीसारखं काहीतरी, साबणासारखं गुळगुळीत. कुठं श्वास म्हणून नाही. पडद्यावरची बोटं श्वासासाठी थांबली, सूर आपला चालूच. बोटं धावू लागली, तर सूर पेंगायला लागला.

"आजोबा, तुमची बोटं चुकतायत," नात म्हणाली.

व्याही हसून हसून लाल झाले. "अहो व्याहीबुवा, हे तर हात दाखवून अवलक्षण! सूर पूर्वेला, बोटं पश्चिमेला!"

"हे माझं नव्हे. बदललंय कुणीतरी."

"हो तर! नाचता येईना, अंगण वाकडं."

"खरंच वेगळं होतं हो ते," बायको म्हणाली.

"विहीणबाई, तुम्ही नवऱ्याचीच बाजू घेणार. घ्यायलाच हवी."

तिथं मास्तरानं गप्प बसायला हवं होतं. पण तो उठला, जिन्याखालून शाळेचं क्लॅरिनेट घेऊन आला, कवळी काढून खिशात टाकली आणि हिरड्यांनी नळी धरली. नुसता वारा फुसफुसला, मग मान पिरगाळलेल्या बदकासारखा एक आवाज निघाला. नात खुदकन हसली. व्याही मात्र या वेळी हसले नाहीत. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मुलानं डिस्क काढणाऱ्या कंपनीला फोन लावला. संध्याकाळी तो दारातच उभा राहून म्हणाला, "बाबा, संगीताचे हक्क कुणाकडे आहेत तेच त्यांना सापडेना. परवानग्या काढत बसण्यापेक्षा नवं घातलं म्हणतात. गोष्ट तीच आहे ना, असं विचारत होते."

"आणि जुन्या फिती?"

"पुसून त्यांच्यावर दुसरं काहीतरी भरलंय." मुलानं चपला काढल्या. "सोडा ना आता. कुणाला आठवतंय?"

खोका घरातच राहिला. बायकोला ती मालिका मनापासून आवडायची. दुपारचं आवरलं की ती रोज एक भाग लावायची, मालिकेतल्या मास्तराच्या सुनेसाठी डोळे पुसायची. तिला काय बोलणार? गोष्ट खरंच तीच होती. तेवढा वेळ तो जिन्याखाली जाऊन बसायचा आणि उगाच कानस घासायचा.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी पुन्हा तसंच धुकं पडलं. मास्तरानं गादी चिकटवली, अंगठा दाबून धरला. आत भांडी वाजली आणि बायको गुणगुणू लागली. साबणासारखं गुळगुळीत, श्वासालाही न थांबता, सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

अंगठा न उचलता त्यानं मान वळवली.

"अगं."

"काय हो?"

"काय म्हणतेयस ते?"

"काय म्हणजे? तुमचंच की." ती हात पुसत दारात आली. तोंडभर हसत होती. "आज बघा, शेवटालासुद्धा चुकले नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"हं," तो म्हणाला. "बरोबर आलं."

ती आत गेली. सरस धरला होता. त्यानं अंगठा उचलला, पुढची चावी सोडवली आणि तिच्यातली जुनी, कडक झालेली गादी सुरीच्या टोकानं खरवडायला घेतली.