नव्या स्विचला जुना पासवर्ड चालेना

माझ्या बहिणीबद्दल आमचे आबा आजपण तेच म्हणाले, "पल्लवीला कॉम्प्युटरचा कोर्स कशाला? पुढचा हप्ता भरायचा न्हाय." मित्रांनो, आज काय झालं ते ऐका आणि तुमीच सांगा.

मी हितं सुरतला कंपन्यांमध्ये नेटवर्कचं काम करतो. आज एका कंपनीत सगळे कॉम्प्युटर नेटला जोडणारा स्विच जळालेला, तो काढून नवा बसवला आणि जुन्याची आधीच जपून ठेवलेली सगळी सेटिंग त्यात कॉपी केली. नेट चालू झालं, पण देखरेखीच्या स्क्रीनवर स्विच लालच. देखरेखीचा पासवर्ड बरोबर, तरी स्विच घेईना. साहेब वैतागले, "बिनपासवर्डचं ठेव अन् चल." तसं ठेवलं तर कुणीबी आत शिरंल.

स्क्रीनवरचं इंग्रजी मला कळंना. बारामतीला बहिणीला, पल्लवीला, फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, "दादा, सुनेला सासरी माहेरचं रेशनकार्ड चालतं व्हय? हा पासवर्ड जुन्या स्विचच्या ओळखीला बांधलेला हाय. नव्या स्विचमधला युजर पुसून पासवर्डसकट नव्यानं टाक."

टाकला, आणि स्क्रीन हिरवी झाली! साहेब म्हणाले, "उद्याची साईट तूच बघ."

आबा, रागावू नका. पल्लवीच्या हप्त्याचे आठ हजार आत्ताच पाठवतोय.