पुसलेली चूल

तीन वर्षं माझी बायको तिच्या वडिलांशी एक अक्षर बोलली नाही. त्याला कारण मी होतो. ही गोष्ट सासऱ्यांना ठाऊक होती आणि मला. तिला नव्हती.

सासरे जंगलखात्यात पहारेकरी होते. एकतीस वर्षं एकच खोरं, एकच ओढा. त्या खोऱ्यात तंबू ठोकायला कुणालाही मुभा आहे, पण तिथं ना नळ आहे, ना संडास, ना दिवा, ना जागेची पाटी. चौकीवरच्या वहीत नाव लिहायचं, तीन तास चालत आत जायचं, आणि झाडीत कुठंही पथारी टाकायची. नियम चारच. ओढ्यापासून सत्तर पावलं लांब राहायचं. परसाकडेला जाऊन आल्यावर खड्डा बुजवायचा. आपला कचरा आपल्या पाठीवर परत न्यायचा. आणि विस्तव असा विझवायचा की राखेत उघडा हात ठेवून दहापर्यंत आकडे म्हणता आले पाहिजेत.

लोक गेले की सासऱ्यांचं खरं काम सुरू व्हायचं. लोकांनी मांडलेली चूल ते मोडायचे. दगड चार दिशांना नेऊन टाकायचे, तेही काळी बाजू जमिनीकडे करून. राख पसरायची, वर पालापाचोळा घालायचा, आणि शेवटी फांदीनं सगळं झाडून काढायचं. चूल दिसली की पुढचा माणूस तिथंच बसतो, त्याच्या पुढचाही तिथंच, आणि दोन वर्षांत तिथं गवत उगवत नाही, असं त्यांचं म्हणणं. "पुढं येणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथं माझ्याआधी कुणी आलंच नाही." यामुळं तंबूवाल्यांनी त्यांचं नाव खराटा ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

माणसं मात्र त्यांना आवडत नसत. तंबूवाला दिसला की त्यांच्या कपाळाला आठी. कुणी नमस्कार केला तर ते त्याच्या पायांकडं बघायचे, रोपटं तुडवलंय का ते. मला त्यांची पहिली ओळख झाली ती अशीच. लग्नाच्या दोन वर्षं आधी मी मित्रांबरोबर त्या खोऱ्यात राहून आलो होतो. परतताना चौकीवर त्यांनी माझी पाठपिशवी उपडी केली, कचरा मोजला आणि विचारलं, "संत्री चार नेली होतीस. सालं तीनच संत्र्यांची आहेत. चौथ्याचं कुठंय?" मी म्हटलं, साल काय, कुजून जाईल. त्यांनी मला परत पाठवलं. तीन तास आत, तीन तास बाहेर, एका संत्र्याच्या सालासाठी. मित्र बस पकडून निघून गेले. साल सापडलं तेव्हा त्याला मुंग्या लागल्या होत्या. ते त्यांनी हातात घेऊन नीट बघितलं आणि म्हणाले, "आता जा."

त्या दिवशी चौकीत एक मुलगी वडिलांचा डबा घेऊन आली होती. मी नाक मुठीत धरून परत आलो तेव्हा तिनं मला पाणी दिलं, आणि वडिलांच्या पाठीमागं तोंडावर हात धरून हसली. पुढं तिच्याशीच माझं लग्न झालं. सासऱ्यांनी लग्नाला हरकत घेतली नाही. फक्त मला जावई म्हणून हाक मारायची वेळ येई तेव्हा ते 'संत्रंवाले' म्हणत, आणि तेही अहोजाहो करून. त्या अहोजाहोइतका पाणउतारा मला आजवर कुणी शिव्या देऊनही केला नाही.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना विचारायचं, आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं. सासऱ्यांच्या लेखी हे कामच नव्हतं. ते महिन्यातून एकदा आमच्या दोन खोल्यांत येत, पंख्याखालची खुर्ची बाजूला सरकवून खिडकीत बसत, आणि माझ्या मुलीला जंगलातल्या गोष्टी सांगत. त्या गोष्टींत एक मूर्ख माणूस हटकून असायचा आणि त्या मूर्खाच्या नाकावर हटकून चष्मा असायचा.

त्या एवढ्या नियमवाल्या माणसाचा एक नियम मात्र मोडलेला होता. ओढ्याच्या मोठ्या वळणाच्या वर, चढून गेल्यावर एक सपाट जागा आहे. तिथं तीन दगडांची एक चूल होती. सासूबाई होत्या तेव्हा त्या कधीकधी डबा घेऊन तिथवर जात आणि चहा करत. चूल त्यांनी मांडलेली. त्या गेल्या, त्याला बावीस वर्षं झाली, तरी ती चूल तशीच होती. खराट्यानं तिला हात लावला नव्हता. ओढ्यावरून जाताना दोन झाडांमधून तिचा काळा दगड दिसायचा, आणि तो दिसला की वर वळायचं हे माझ्या बायकोला लहानपणापासून माहीत होतं. दरवर्षी शाळेच्या सुट्टीत ती मुलीला घेऊन एक रात्र तिथं राहायची. आईचा फोटो घरात होता, पण आईला भेटायची तिची जागा ती होती.

आता माझं पाप सांगतो.

एका रविवारी सासरे आले होते. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मुलगी त्यांच्या मांडीवर बसली होती आणि ते तिला सांगत होते, "तुझ्या बाबांना जंगलात सोडलं ना, तर पहिल्या दिवशी ते संत्री खातील आणि दुसऱ्या दिवशी रडतील." मुलगी खिदळली. रोजचंच होतं. पण त्या दिवशी दुकानात मालकानं चारचौघांत झापलं होतं आणि माझं डोकं तापलेलं होतं. मी मुलीला म्हटलं, जा, आईला मदत कर. ती गेली. मग मी म्हणालो, "मामा, एक विचारू? नियम सगळ्यांना सारखा ना? मग वळणावरची ती चूल बावीस वर्षं कुणाच्या मेहेरबानीनं आहे? मी साहेबांकडं तक्रार केली तर काय उत्तर द्याल?"

तक्रार मी करणार नव्हतो. मला फक्त त्यांना झोंबायला हवं होतं. ते झोंबलं. त्यांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि अर्धा चहा तसाच टाकून गेले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

चौथ्या दिवशी दुकानात फोन आला. "संत्रंवाले, तुमची तक्रार निकालात काढली." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

मला कळायचं ते कळलं. घरी जाऊन बायकोला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे ती चूल का पुसली तेही सांगावं लागणार. आज सांगू, उद्या सांगू करत मी महिना काढला. सुट्टी लागली, तिनं तंबू काढला, मुलीच्या बुटांचे बंद बदलले. मी शेजारी उभा राहून बघत होतो. दाराशी तिनं विचारलंही, "काय झालं, येतोस का?" मी म्हटलं, दुकान आहे. मनात म्हटलं, चूल नाही सापडली तर दुसरीकडं तंबू लावेल. एक चूल ती काय.

सासरे काम करायचे ते अर्धवट नाही. चूल मोडून ते थांबले नव्हते. चढण्याची पायवाट त्यांनी झाडून काढली होती, तिच्या तोंडावर एक पडलेलं खोड आडवं ओढलं होतं, मागं झुडपं वाकवून बांधली होती. बायको त्या जागेसमोरून तीनदा गेली आणि तिला ती ओळखू आली नाही. वरून धुकं उतरायला लागलं. मुलीच्या टाचा सोलवटल्या होत्या. आपलीच काहीतरी गल्लत होतेय असं तिला वाटत राहिलं. वडिलांनी पुसली असेल हे मनातही आलं नाही, कारण जगातली ती एकच गोष्ट ते पुसणार नाहीत याची तिला खात्री होती. शेवटी दमून तिनं वळणाच्या आत, ओढ्याकाठच्या वाळूवर तंबू ठोकला. तिथं राहू नये हे तिला चालायला लागल्यापासून शिकवलेलं होतं. पण सपाट जागा दुसरी दिसत नव्हती आणि मूल रडत होतं.

दुपारी चारला दुकानात फोन वाजला. सासरे तालुक्याच्या कचेरीतून नुकते चौकीवर आले होते आणि वहीत त्यांना नातीच्या अक्षरात दोन नावं दिसली होती. डोंगराच्या माथ्यावर आभाळ काळं झालं होतं.

"ती कुठं थांबणार म्हणाली?"

"आईच्या चुलीपाशी."

ते मग म्हणाले, "तिला सांगितलं नाहीस?"

"नाही."

फोन बंद झाला. मला अरेतुरे केलं ते संत्र्याच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

तीन तासांची वाट ते दोन तासांच्या आत चालून गेले. सत्तावन्न वर्षांचा माणूस. वर पाऊस कोसळला होता आणि ओढ्याचा आवाज इतका वाढला होता की हाका मारून उपयोग नव्हता. धुक्यात दहा हातांपलीकडं दिसत नव्हतं. वाळूवर कुणी असेल तर त्याला दोनच वाटा होत्या: एका बाजूला घसरता मुरूम, जो पायाखालून सुटतो, आणि दुसऱ्या बाजूला ती सपाटी. कुठली बाजू कुठली, हे धुक्यात कळणार कसं? ते कळायला पूर्वी चूल होती.

त्यांनी सपाटी गाठली. ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षं लोकांचे विस्तव विझवले त्यानं तिथं जाळ केला. लाकडं ओली होती. उभं वाळलेलं झाड फोडून त्यांनी आतलं कोरडं लाकूड काढलं, कंदिलातलं रॉकेल ओतलं, आणि पिशवीत नियमांची छापील पत्रकं होती, दोनशे, ती सगळी पेटवली. जाळ माणसाच्या उंचीचा झाला तरी ते घालत राहिले.

खाली तंबू वाहून गेला होता. बायको मुलीला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती आणि मुरमाच्या बाजूला दोनदा चढून दोनदा घसरली होती. तेवढ्यात धुक्यात तिला तांबूस काही दिसलं. ती त्याच्याकडं चढत गेली.

वर पोचल्यावर तिनं वडिलांना बघितलं. मुलीला शेकोटीजवळ बसवलं, ओले कपडे काढले, त्यांच्या अंगातला सदरा मागून घेऊन तिच्या अंगात घातला. मग तिचं लक्ष आजूबाजूला गेलं. डावीकडची कातळाची कड तिच्या ओळखीची होती.

"चूल इथं होती."

"हो."

"तुम्ही पुसली?"

"हो."

"आईची?"

"हो."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. ओढा उतरेपर्यंत तिघं तिथंच बसली. सकाळी निघताना त्यांनी विस्तव विझवला आणि राखेत हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा घाई झाली असावी, तळवा भाजला. तिनं बघितलं आणि पुढं चालू लागली. मी रात्रीच येऊन चौकीवर उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. ती त्यांच्याकडं गेली नाही. मुलगी मध्ये मध्ये विचारायची, आजोबा का येत नाहीत? बायको म्हणायची, "त्यांना नियम आहेत." आणि मी ताटात बघायचो.

या वर्षी ते निवृत्त झाले. चौकीवर छोटा समारंभ होता. बायको आली नाही, मी एकटाच गेलो. हार, खुर्च्या, साहेबांचं भाषण. संपल्यावर ते मला म्हणाले, "चला." मी पॉलिश केलेल्या बुटांनिशी तीन तास त्यांच्यामागं गेलो. सपाटीवर काहीच नव्हतं. त्या मोठ्या जाळाचाही डाग नव्हता. पण दगड कुठं टाकलेत ते त्यांना माहीत होतं. तिन्ही त्यांनी मला पायानं दाखवले.

"परत आणून मांडता येतील," मी म्हणालो.

"दगड येतील. तिनं मांडले होते तसे मांडता येणार नाहीत."

मी म्हणालो, मी तिला सांगतो सगळं. तुम्ही का पुसलीत ते.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या पायांकडं न बघता तोंडाकडं बघितलं. भाजलेल्या तळव्याची कातडी पांढुरकी होती. "बोलू नकोस," ते म्हणाले. "तोंड तुझं होतं, हात माझा होता. मी म्हातारा आहे, मला चालतं. तिला नकोसा झालेला एक माणूस पुरे."

वाटेत खाली उतरताना मला त्यांचा इतका राग आला की काही विचारू नका. आयुष्यभर हा माणूस मला हलका म्हणत आला, आणि आता माझं ओझंही हाच उचलणार, आणि मी हलकाच राहणार.

घरी आलो तेव्हा बायको कणीक मळत होती. "काय म्हणाले?" तिनं मान वर न करता विचारलं. तीन वर्षांत त्यांच्याबद्दलचा हा पहिला प्रश्न. मी सगळं सांगितलं. रविवार, तक्रारीची धमकी, दुकानातला फोन, महिनाभराचं माझं गप्प बसणं, दाराशी तंबू बांधताना बघत उभं राहणं. ती मळत राहिली. मी थांबलो तेव्हा तिनं हात धुतले, पुसले, फोन घेतला आणि वडिलांना लावला.

"बाबा," ती म्हणाली.

पलीकडून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला, एवढे ते ओरडत होते. "त्या गाढवाला सांगितलं होतं, तोंड उघडू नको म्हणून."

आता ती रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलते. अर्धा अर्धा तास बोलते, हसते सुद्धा. सुट्टीत ती आणि मुलगी जाऊन तीन दगड परत ठेवणार आहेत, आणि कसे ठेवायचे यावरून बाप-लेकीचा वादही चालू आहे. माझ्याशी ती बोलत नाही. दोन महिने झाले. जेवायचं ताट वाढून ठेवते आणि आतल्या खोलीत निघून जाते.